समभागांच्या नोंदी एका डेटा फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भावांचा इतिहास साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या एकाच डेटा फोल्डरमध्ये काहीशे समभाग जमा झाले होते. त्यांतले व्यवहार बंद झालेले समभाग वेगळे ठेवावेत म्हणून तुम्ही संगणकाच्या फाईल व्यवस्थापकातून त्यांच्या फाईली उचलून काही एका नव्या फोल्डरमध्ये आणि काही आधीपासून वापरात असलेल्या दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकल्या. आता जुन्या फोल्डरमध्ये त्या समभागांची नावे दिसतात पण आलेख उघडत नाही, नव्या फोल्डरमध्ये काहीच दिसत नाही आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये एका कंपनीच्या नावाखाली भलत्याच कंपनीचे भाव दिसतात. फाईलींची रचना तुम्ही मेटास्टॉक (भावांचे आलेख काढणारे एक सॉफ्टवेअर) पद्धतीची असल्याचे लिहिले आहे, म्हणून उत्तराचा मोठा भाग त्या रचनेला धरून देतो.

सर्वांत आधी रोजचे भाव उतरवून घेणारी प्रक्रिया थांबवा आणि ती वेळापत्रकानुसार आपोआप चालत असेल तर ते वेळापत्रकही बंद करा. ही घाई अनाठायी नाही. ज्या समभागाची फाईल जागेवर नाही त्याचे आजचे भाव आले, तर बरीच सॉफ्टवेअर तक्रार न करता त्याच नावाची नवी, एका दिवसाची फाईल तयार करतात. मग तुम्ही मूळ फाईल परत आणायला जाल, तेव्हा त्या जागी दुसरी फाईल आधीच बसलेली असेल. प्रक्रिया थांबवल्यानंतर संबंधित तिन्ही फोल्डर जसेच्या तसे, म्हणजे बिघडलेल्या अवस्थेतच, दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा. दुरुस्ती करताना आणखी काही बिघडले, तर निदान आजच्या अवस्थेपर्यंत परत येता येईल.

आता हे का घडले ते पाहू, कारण कारण कळल्याशिवाय दुरुस्तीचा क्रम लक्षात येणार नाही. या रचनेत समभागाचे नाव त्याच्या भावांच्या फाईलीत नसतेच. भाव ‘एफ१.डॅट’, ‘एफ२.डॅट’ अशा केवळ क्रमांक असलेल्या फाईलींत असतात. कोणता क्रमांक कोणत्या समभागाचा, त्याचे चिन्ह (बाजारातले लघुनाव) काय, नोंदी रोजच्या आहेत की आठवड्याच्या, पहिली तारीख कोणती आणि शेवटची कोणती, ही सगळी माहिती त्याच फोल्डरमधल्या ‘मास्टर’ या सूचीच्या फाईलीत असते, आणि ‘ईमास्टर’ ही तिची जोडफाईल नावे अधिक विस्ताराने सांभाळते. ग्रंथालयातल्या पुस्तकांवर फक्त क्रमांक असावेत आणि शीर्षके केवळ नोंदवहीत असावीत, तशी ही व्यवस्था आहे. प्रत्येक फोल्डरची नोंदवही स्वतंत्र असल्यामुळे या फोल्डरमधला बारा क्रमांक आणि त्या फोल्डरमधला बारा क्रमांक यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो.

एवढे ध्यानात घेतले की तुमच्या तिन्ही तक्रारींचा उलगडा होतो. जुन्या फोल्डरच्या सूचीत ओळ शिल्लक आहे आणि फाईल गेली आहे, म्हणून नाव दिसते व आलेख उघडत नाही. नव्या फोल्डरमध्ये फाईली आहेत, पण सूचीच नाही. दुसऱ्या फोल्डरमध्ये त्याच क्रमांकाची फाईल आधीपासून होती. ‘आहे ती फाईल बदलायची का’ या प्रश्नाला होकार मिळाल्यामुळे तिथल्या कंपनीचे भाव पुसले गेले आणि त्या जागी तुम्ही आणलेले भाव येऊन बसले. नाव मात्र सूचीतले जुनेच राहिले.

त्यामुळे दुरुस्तीही तीन प्रकारची आहे. नव्या फोल्डरमध्ये गेलेल्या फाईली, क्रमांक अजिबात न बदलता, मूळ फोल्डरमध्ये परत ठेवल्या की काम संपते. सूचीतल्या ओळी तिथे अजून आहेत आणि त्या फाईलींना ओळखतात. दुसऱ्या फोल्डरमध्ये गेलेल्या फाईलीही तशाच परत आणा. तिथे आज दिसणारे चुकीचे भाव म्हणजेच तुमच्या मूळ समभागाचा इतिहास आहे. मात्र त्या फोल्डरमधल्या ज्या फाईली पुसल्या गेल्या, त्या कोणत्याही युक्तीने सूचीतून पुन्हा निर्माण होत नाहीत. त्या जुन्या बॅकअपमधून आणाव्या लागतील, आणि तो नसेल तर त्या समभागांचा इतिहास डेटा पुरवणाऱ्याकडून नव्याने उतरवून घ्यावा लागेल. सॉफ्टवेअरमध्ये फोल्डर तपासून दुरुस्त करण्याची सोय असली, तरी ती फाईली परत ठेवल्यानंतरच वापरा. आधी वापरली, तर ज्यांच्या फाईली सापडत नाहीत त्या ओळी सूचीतून काढून टाकणे हीच त्या सोयीच्या दृष्टीने दुरुस्ती ठरू शकते, आणि मग फाईल कोणाची हे सांगणारी एकमेव नोंद नाहीशी होते.

तसे आधीच झाले असेल तर अनाथ फाईल ओळखण्याचा एक मार्ग उरतो. ती फाईल एकटीच एका रिकाम्या फोल्डरमध्ये ठेवून, सूची नसतानाही ही रचना वाचणाऱ्या एखाद्या रूपांतर साधनाने तिच्यातून मजकूर फाईल काढायची आणि तिच्यातल्या काही दिवसांचे बंद भाव (दिवसअखेरचे भाव) खात्रीच्या स्रोताशी ताडून पाहायचे. सलग पाचसहा दिवसांचे बंद भाव आणि व्हॉल्यूम (व्यवहार झालेल्या समभागांची संख्या) जुळले की समभाग कोणता याबद्दल शंका राहत नाही. या मजकूर फाईलीत तारखा विचित्र दिसल्या तर गोंधळू नका. या रचनेत वर्षातून १९०० वजा करून, त्याला दहा हजारांनी गुणून, पुढे महिना आणि दिवस जोडलेले असतात. त्यामुळे १५ मार्च २०२४ ही तारीख आत १२४०३१५ अशी असते, आणि काही साधने ती तशीच्या तशी बाहेर काढतात.

सगळे पूर्ववत झाल्यानंतर मूळ कामाकडे वळू. समभाग एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये नेण्याचे काम नेहमी त्या सूचीची मालकी असलेल्या साधनाकडून करून घ्यावे. मेटास्टॉकमध्ये ‘डाउनलोडर’ हे साधन त्यासाठीच आहे: त्यात मूळ फोल्डर उघडायचा, समभाग निवडायचे आणि त्यांची प्रत गंतव्य फोल्डरमध्ये करण्याची आज्ञा द्यायची. साधन गंतव्य फोल्डरच्या सूचीत मोकळा क्रमांक शोधते, फाईलीला तो नवा क्रमांक देते आणि सूचीत ओळ लिहिते. हातानेही फाईलीचा क्रमांक बदलता येईल, पण सूची बायनरी स्वरूपात असते आणि तिच्यात ठरावीक लांबीच्या ओळी ठरावीक जागी असतात. ती हाताने दुरुस्त करण्याची जोखीम घेण्याचे कोणतेही कारण मला कधी पटलेले नाही.

‘हलवा’ आणि ‘प्रत करा’ अशा दोन्ही आज्ञा उपलब्ध असल्या, तरी माझा आग्रह प्रत करण्याचाच असतो. हलवण्याच्या आज्ञेत लिहिणे आणि पुसणे एकाच दमात होते. मध्येच वीज गेली, डिस्क भरली किंवा एखाद्या समभागापाशी साधन अडकले, तर अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे अशी अवस्था होते आणि कोणते अर्धे कुठे आहेत हे शोधत बसावे लागते. प्रत करा, तपासा, आणि मूळ नोंदी काढण्याचे काम नंतर स्वतंत्रपणे करा. हे करताना आलेखांचे मुख्य सॉफ्टवेअर पूर्ण बंद असावे, कारण ते सूची उघडी धरून बसलेले असते. डेटा फोल्डर इंटरनेटवरील साठ्याशी आपोआप जुळवला जात असेल, तर ती जुळवणीही तेवढ्या वेळापुरती थांबवा. अनेक छोट्या फाईली आणि एक सूची यांपैकी सूची आधी आणि फाईली मागाहून, किंवा उलट, जुळवल्या गेल्या तर तीच विसंगती नव्याने निर्माण होते, आणि दोन संगणकांवर तोच फोल्डर उघडा असेल तर एका संगणकाची जुनी सूची दुसऱ्याच्या नव्या सूचीवर लिहिली जाऊ शकते.

गंतव्य फोल्डरची क्षमताही आधी पाहून घ्या. ‘मास्टर’ फाईलीत फाईल क्रमांकासाठी एकच बाइट राखलेली आहे, त्यामुळे तिच्यात २५५ हून अधिक समभाग मावत नाहीत. त्यापुढचे समभाग ‘एक्समास्टर’ या वेगळ्या सूचीत जातात आणि त्यांच्या भावांच्या फाईलींचे विस्तारनामही ‘एमडब्ल्यूडी’ असे बदलते. मेटास्टॉकच्या दृष्टीने यात अडचण नाही. परंतु हीच रचना वाचणारी इतर बनावटीची काही जुनी साधने फक्त ‘मास्टर’ पाहतात आणि २५६ व्या समभागापासून पुढचे सगळे त्यांना अदृश्य असतात. तुमचा डेटा अशा एखाद्या साधनातही वापरला जात असेल, तर फोल्डर २५५ च्या आत ठेवणे हिताचे.

जागेबद्दल एक सूचना इथेच देतो, कारण हा दोष शोधायला फार वेळ जातो. डेटा फोल्डर विंडोजच्या ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरच्या आत कधीही ठेवू नका. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत जुन्या धाटणीच्या सॉफ्टवेअरने त्या ठिकाणी काही लिहिण्याचा प्रयत्न केला, तर प्रणाली ते लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या स्वतःच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरकडे वळवते. सॉफ्टवेअरला वाटते आपण इथेच लिहिले, फाईल व्यवस्थापकात पाहणाऱ्याला मात्र जुनीच फाईल दिसते. एकाच फोल्डरच्या अशा दोन आवृत्त्या झाल्यावर प्रत कोणत्या आवृत्तीची झाली हे सांगणे कठीण होते. डिस्कच्या मुळाशी, आखूड आणि साध्या रोमन अक्षरांतल्या नावाचा स्वतंत्र फोल्डर हे सर्वांत सुरक्षित ठिकाण आहे.

सर्वांत नाजूक प्रसंग येतो तो गंतव्य फोल्डरमध्ये तोच समभाग आधीपासून असेल तेव्हा. साधन विचारते की जुना इतिहास बदलायचा, दोन्ही एकत्र करायचे की हा समभाग सोडून द्यायचा. एकत्र करणे सर्वांत आकर्षक वाटते आणि सर्वांत जास्त फसवते. समजा, एका कंपनीने समभागाचे विभाजन करून एकाचे पाच केले. एका फोल्डरमध्ये विभाजनानंतर मागचे सगळे भाव पाचने भागून घेतले आहेत आणि दुसऱ्यात ते मूळ स्वरूपातच आहेत. हे दोन इतिहास जोडले तर सांध्यापाशी एका दिवसात भाव ८० टक्क्यांनी कोसळल्याचे दिसेल. सरासऱ्या, चढउतारांची मोजमापे आणि जुन्या भावांवर तपासलेल्या व्यवहार पद्धती हे सगळे त्या खोट्या घसरणीवर उभे राहील. सांधा आलेखावर ठळक दिसला तर निदान शंका तरी येते; लाभांशाच्या समायोजनातला, म्हणजे दिलेल्या लाभांशाच्या मानाने मागचे भाव कमी करण्यातला, फरक इतका लहान असतो की तो डोळ्यांना दिसतच नाही.

म्हणून एकत्र करण्यापूर्वी दोन्ही इतिहासांत सामाईक असलेल्या दिवसांचे बंद भाव शेजारी ठेवून त्यांचे गुणोत्तर काढावे. ते सर्वत्र एक (१) आले तर दोन्ही इतिहास एकाच पद्धतीने ठेवलेले आहेत आणि निर्धास्तपणे जोडता येतील. एखाद्या तारखेच्या आधी सगळीकडे नेमके पाच आणि त्यानंतर एक आले, तर एका बाजूला विभाजनाचे समायोजन राहिले आहे. ते आधी करून घ्यावे. बक्षीस समभागांच्या बाबतीतही असेच सुबक गुणोत्तर सापडते. पण मागे जाऊ तसे गुणोत्तर पायऱ्यापायऱ्यांनी थोडे थोडे बदलत गेले, तर एका बाजूला लाभांशही वजा केलेले आहेत असे समजावे. अशा वेळी दोन इतिहास जोडण्याच्या भानगडीत न पडता एकच निवडावा आणि उरलेला भाग त्याच स्रोताकडून भरून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सामाईक दिवसच नसतील, तर ही तपासणी करता येत नाही, आणि मग जोडणी करूच नये.

प्रत झाली की तपासणी करावी, आणि ती आलेख उघडून नजर टाकण्यापुरती नसावी. प्रत्येक समभागासाठी मूळ आणि प्रत यांत चार गोष्टी जुळायला हव्यात: एकूण नोंदींची संख्या, पहिली तारीख, शेवटची तारीख आणि शेवटचा बंद भाव. समभाग पुष्कळ असतील तर निदान पहिल्या तीन सर्वांच्या पाहाव्यात. फाईलीच्या आकारावरूनही संख्या पडताळता येते. रोजच्या नोंदीत तारीख, खुला भाव, उच्चांक, नीचांक, बंद भाव, व्हॉल्यूम आणि खुल्या सौद्यांची संख्या असे सात रकाने असतील, तर प्रत्येकी चार बाइटप्रमाणे एक नोंद २८ बाइटची होते, आणि फाईलीची पहिली २८ बाइट जागा मथळ्याची असते. म्हणजे २,५०० दिवसांच्या इतिहासाची फाईल ७०,०२८ बाइटची असायला हवी. रकाने कमी असतील तर त्या प्रमाणात हिशेब बदलतो.

तुम्ही प्रतीऐवजी मजकूर फाईलीमार्गे नोंदी नेल्या, तर मोठ्या व्हॉल्यूमचे शेवटचे अंक जुळत नाहीत असे कधीकधी आढळेल. त्याचे कारण हे की चार बाइटच्या या दशांश स्वरूपात १,६७,७७,२१६ च्या पुढचा प्रत्येक पूर्णांक अचूक मावत नाही. त्यापुढच्या संख्या जवळच्या मावणाऱ्या संख्येवर आणल्या जातात. हा डेटा हरवल्याचा पुरावा नव्हे. मजकूर फाईलीच्या मार्गात याहून मोठे धोके वेगळेच आहेत. ती फाईल मध्येच स्प्रेडशीटमध्ये उघडून जतन केली, तर आकड्यांनी बनलेल्या चिन्हांच्या सुरुवातीची शून्ये गळतात आणि तारखेसारखी दिसणारी चिन्हे खरोखरच तारखा बनतात. दिवस आधी की महिना आधी, हा क्रम दोन्ही टोकांना एकच असल्याची खात्री करावी. क्रम उलटला तर बारा तारखेपर्यंतचे दिवस चुकीच्या महिन्यांत जातात आणि पुढचे दिवस अवैध म्हणून वगळले जातात, त्यामुळे नोंदींची संख्या पाहिल्याबरोबर हा दोष उघड होतो.

भाव गेले म्हणजे समभाग गेला असे मात्र नसते. त्या समभागावर काढलेल्या रेषा, लिहून ठेवलेली टिपणे, जतन केलेले आलेख, मांडण्या, इशारे, निवडक याद्या आणि शोधाच्या व्याख्या यांतल्या बऱ्याच गोष्टी समभागाला फोल्डरच्या पूर्ण मार्गासह ओळखतात. फोल्डर बदलला की त्यांच्या दृष्टीने तो समभाग नाहीसा होतो. तुमच्या आवृत्तीत आलेख समभागाबरोबर जातात की नाही, हे सगळे समभाग हलवण्याआधी एकाच समभागावर प्रयोग करून पाहा: त्याच्या आलेखावर एक रेषा काढा, जतन करा, प्रत करा आणि प्रतीत ती रेषा दिसते का ते बघा. वर्षानुवर्षांच्या रेषा आणि टिपणे हा तुमचा स्वतःचा अभ्यास आहे. भाव कोणाकडूनही पुन्हा मिळतील, तो मिळणार नाही.

तुम्ही पुढे अ‍ॅमीब्रोकर या दुसऱ्या आलेख सॉफ्टवेअरकडे जाण्याचा विचार असल्याचेही लिहिले आहे, तर तिथला फरक सांगून ठेवतो. तिथे डेटाबेस म्हणजे एक फोल्डर, त्यात अक्षरांच्या नावांचे उपफोल्डर आणि त्यांत प्रत्येक चिन्हाची त्याच नावाची फाईल अशी रचना असते. नाव फाईलीवरच असल्यामुळे भलत्या कंपनीचे भाव दिसण्याचा धोका खूपच कमी. फाईल योग्य उपफोल्डरमध्ये ठेवून, सॉफ्टवेअर बंद असताना ‘ब्रोकर.मास्टर’ ही यादीची फाईल बाजूला काढली, की पुढच्या वेळी उघडताना यादी नव्याने तयार होते. पण गट आणि उद्योग यांची नोंद समभागाच्या फाईलीत केवळ क्रमांकाने असते आणि त्या क्रमांकांची नावे डेटाबेसच्या वेगळ्या फाईलींत असतात, म्हणून एका डेटाबेसमधला ‘औषधनिर्मिती’ दुसऱ्यात जाऊन ‘सिमेंट’ होऊ शकतो. शिवाय डेटाबेसमध्ये स्थानिक साठवण बंद ठेवलेली असेल, तर भाव बाहेरच्या स्रोतातून येत असतात आणि फाईल हलवून इतिहास हलत नाही.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये भावांबरोबर तुमच्या खरेदीविक्रीचे व्यवहारही असतील, तर त्यांना वेगळी काळजी लागते. एका खात्यातून काढून दुसऱ्यात दाखवण्यासाठी विक्री आणि नवी खरेदी अशी जोडी नोंदवू नका. त्यामुळे खरेदीची मूळ तारीख व मूळ किंमत जाते आणि प्रत्यक्षात न झालेला नफा वा तोटा अहवालात येतो. हस्तांतराची स्वतंत्र नोंद उपलब्ध असेल तीच वापरा आणि प्रत्येक खरेदीचा टप्पा त्याच्या तारखेसह गेला आहे का ते पाहा.

आणि मुळात फोल्डरांची ही विभागणी किती करावी? फोल्डर हा डेटा कुठून येतो, किती अंतराने येतो आणि तो कसा समायोजित केलेला आहे, यांवरून ठरवावा. रोजचे आणि मिनिटांचे भाव वेगळे ठेवणे, दोन पुरवठादारांचा डेटा वेगळा ठेवणे, व्यवहार बंद झालेले समभाग वेगळे काढणे ही सगळी योग्य कारणे आहेत. तुमचा हेतू बरोबरच होता. परंतु उद्योगानुसार, आवडीनुसार किंवा सध्या लक्ष ठेवायचे म्हणून फोल्डर करू नयेत. या गोष्टी बदलत राहतात, एकच समभाग दोन ठिकाणी हवासा वाटतो, त्याच्या दोन प्रती होतात आणि काही काळाने एकच प्रत अद्ययावत राहते. अशा वर्गीकरणासाठी निवडक याद्या आहेत. यादीतून नाव काढल्याने इतिहासाला धक्का लागत नाही.

शेवटी मूळ नोंदी काढण्याचा क्रम. तपासणी झाल्यावर भाव उतरवणाऱ्या साधनात जुन्या फोल्डरकडे जाणारा मार्ग बदला. हे राहून गेले तर जुन्या फोल्डरमधून काढलेला चालू समभाग पुढच्याच उतरवणीत तिथे एका दिवसाच्या इतिहासासह पुन्हा उगवतो आणि नव्या फोल्डरमधला समभाग शिळा होत राहतो. व्यवहार बंद झालेल्या समभागांचा फोल्डर मात्र उतरवण्याच्या यादीत घालूच नका, कारण काही बाजार जुनी चिन्हे काही काळाने नव्या कंपन्यांना देतात आणि मग बंद पडलेल्या कंपनीच्या इतिहासापुढे अनोळखी कंपनीचे भाव जोडले जातात. मार्ग बदलल्यावर एक नेहमीची उतरवणी होऊ द्या, चालू समभागांची शेवटची तारीख नव्या जागी पुढे सरकली का ते पाहा, आणि त्यानंतरच जुन्या फोल्डरमधले समभाग त्याच साधनातून, फाईल व्यवस्थापकातून नव्हे, काढून टाका. सुरुवातीला घेतलेला बॅकअप पुढच्या एखाद्या विभाजनाचे किंवा बक्षीस समभागांचे समायोजन नव्या फोल्डरमध्ये नीट पार पडेपर्यंत ठेवावा, कारण समायोजन दोनदा झाले की अजिबात झाले नाही हे त्या वेळी तो पाहूनच ठरवता येईल.